लंकेच्या खाली जपान

भद्रावती, ६ जानेवारी २००१

ती. खातूनआपा यांस नईमचा सलाम. वि. वि. इथे सगळे खुशाल. गॅरेजात काम भरपूर आहे, छोट्या निशातचा खोकलाही गेला.

आता खरं बोलतो. एटापल्लीचे हरिदासभाऊ परवा बसस्टँडवर भेटले. म्हणाले, तुमचे अब्बा अन् जावई आले होते, तुमच्या जुन्या दुकानामागं होकायंत्र घेऊन मोजमाप करून राह्यले होते, तुले काऊन माहीत नाई? अब्बांच्या छातीचं दुखणं असं, आणि दुल्हेभाई त्यांना एवढ्या लांब नेतात! मला तर जागा विकायचा बेत दिसतो. मागे अम्मीची कबर आहे, हे ते विसरले असतील, मी नाही. तू भोळी आहेस म्हणून तुलाच विचारतो. लोभ असू दे, पण आधी उत्तर दे.

तुझा नईम

मूल, १३ जानेवारी

चि. नईमला आपाच्या दुआ. पत्र वाचून राग आला. लहानपणी तू ईदचा शिरखुर्मासुद्धा हुंगून खायचास! पण तुझा रोग मलाही लागला. मी आत गेले की तुझे दुल्हेभाई आणि अब्बा गप्प होतात. काल मी ह्यांचे खिसे तपासले, शरम वाटली.

सौद्याचा कागद मिळाला नाही, मिळाला एक नकाशा. हे शाळेत भूगोल शिकवतात, तरी असला नकाशा मी पाहिला नव्हता. हिंदुस्थान कललेला, जपान घसरून लंकेच्याही खाली! विचारलं तर म्हणाले, हा नकाशा एकच गोष्ट खरी ठेवतो. कुठल्याही गावावरून मक्केकडे रेघ ओढली की दिशा बरोबर निघते, मग देशांचे आकार बिघडले तरी चालतात. मला काही पटलं नाही. जागा विकणाऱ्याला मक्का कशाला लागते? छडा लावून कळवते. निशातला प्यार.

तुझी आपा

मूल, २९ जानेवारी

चि. नईमला दुआ. हे पत्र कुणाला दाखवू नकोस.

नकाशा अब्बांनीच मागवला होता. अम्मी गेली तेव्हा तू फार लहान होतास. नाल्याला पूर होता, अहेरीच्या कब्रस्तानात नेता आलं नाही. कित्येक दिवस सूर्य दिसला नव्हता. हिवाळ्यात सूर्य आल्लापल्लीच्या सडकेच्या टोकाला मावळताना अब्बांनी पाहिलेला, म्हणून मक्केसाठी तीच पश्चिम धरून त्यांनी कबर खोदवली. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे सरकतो, हे त्यांच्या ध्यानात फार उशिरा आलं. तेव्हापासून अम्मीचं तोंड मक्केकडे आहे की नाही, हा एकच घोर त्यांना लागला आहे. मौलवीसाहेब म्हणतात नियत पाहिली जाते, पण त्यांचं मन मानत नाही.

ह्यांनी मोजलं आणि अब्बांना सांगितलं, अगदी बरोबर आहे. घरी माझ्यासमोर मात्र रडले. ह्यांनी टिपून आणलेली कबरीची दिशा घेऊन मी स्वतः नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं. नकाशा खरा आहे नईम, तुझे दुल्हेभाई खोटे.

डॉक्टरांनी आशा सोडली आहे. अब्बांना जावयाचं बोलणं पटत नाही. म्हणतात, तो माझं मन राखते, माझा नईम कोणावर भरोसा ठेवत नाई, त्यानं पाहून सांगितलं तर मानीन. नकाशा सोबत पाठवते. जाऊन ये आणि त्यांना तुझ्या हातानं लिही. काय लिहायचं ते मी सांगणार नाही.

तुझी आपा

एटापल्ली, ४ फेब्रुवारी

ती. अब्बाजान यांच्या सेवेशी नईमचा सलाम. वि. वि. दुल्हेभाईंवर माझा विश्वास नव्हता, म्हणून स्वतः आलो. गवत काढलं. होकायंत्र कुणाच्या हाती दिलं नाही, रेघही मीच ओढली, आणि समाधान होईना म्हणून पुन्हा ओढली.

त्या पावसात तुम्ही धरलेली दिशाच निघाली, अब्बा. केसाचाही फरक नाही. दुल्हेभाईंवर फुकट शक घेतला, त्यांना माझी माफी सांगा. आपाशी न भांडता औषध घ्या, आणि आज शांत झोपा. मी शुक्रवारी येतोच आहे, माझ्यावर माया ठेवा.

तुमचा संशयी मुलगा,
नईम