बाबांच्या सत्कारातलं गाणं

ब्रह्मपुरी,
१ डिसेंबर २०२४

प्रिय प्रफुलभाऊ,

इकडे सारे ठीक आहोत. धान कापून झाला, चुरून दाणे काढणं बाकी आहे. आई सकाळपासून वावरात असते. पुण्यात थंडी पडली का?

फोन रोज होतो, मग हिनं पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर बाबा शेजारीच बसून असतात.

तू पाठवलेला छोटा कीबोर्ड पाहून बाबा आधी हसले होते. पंचवीसच पट्ट्या, आणि लॅपटॉपला जोडल्याशिवाय आवाज नाही. "हे पेटी हाय का खेळणा?" मग मी आर्पेजिएटर लावला. तीन पट्ट्या दाबून धरल्या की यंत्र तेच सूर एकामागून एक फिरवत राहतं. लकवा मारल्यापासून त्यांची उजवी बोटं उशिरा पडतात, आणि इथं तर सूर नुसते धावत होते. "दिव्या, माह्या बोटाईले पाय फुटले व!" त्या दिवशी जेवायलाही उठले नाहीत. तीस वर्षं वडशाच्या नाटक कंपन्यांत ऑर्गन वाजवलेला माणूस, भाऊ. लहान लेकरासारखा हसत होता.

मग गावच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, दुपारी त्यांचा सत्कार ठरला. शाल-श्रीफळ, आणि त्यांनी एक गाणं वाजवायचं. महिनाभर रियाज केला. आर्पेजिएटर बंद करून, स्वतःच्या बोटांनी. गाणं जमलं, फक्त अंतऱ्यात दोन जागी हात अडायचा.

तुला पाठवलेला व्हिडिओ त्याच दुपारचा आहे. तू तो साऱ्या मित्रांना पाठवलास, "आमचे बाबा पुन्हा वाजवतात" असं लिहून.

भाऊ, त्यात बाबा वाजवत नाहीत.

आदल्या दिवशी मी ते गाणं तुकड्यातुकड्यानं लॅपटॉपच्या सिक्वेन्सरमध्ये भरून ठेवलं होतं, कळ दाबली की आपोआप वाजेल असं. अगदीच अडले तर असू दे, एवढंच मनात होतं. पण मंचावर बाबा सुरू करायच्या आधी उजवी बोटं चोळत बसले. समोर त्यांच्या कंपनीतले जुने कलाकार बसलेले. मी भ्यायले. त्यांच्या पट्ट्यांचा आवाज लॅपटॉपवर बंद केला आणि भरलेलं गाणं सुरू केलं.

अंतऱ्यात त्यांचं बोट अडलं. गाणं अडलं नाही. बाबांनी हात उचलला, तरी गाणं चालूच. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि पुन्हा हात ठेवून शेवटपर्यंत नुसती बोटं हलवत राहिले. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. तुला मी अंतऱ्याच्या आधीचाच तुकडा पाठवला.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "मीच वाजवलो ना व?"

"हव बाबा, तुम्हीच."

"बरं."

त्यानंतर त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडूही सोडला. पंधरा दिवसांत बोटं पुन्हा आखडली. शर्टाच्या गुंड्या आता आई लावून देते.

काल मला राहवलं नाही. सारं सांगितलं. ते म्हणाले, "मले मालूम होतं."

"मंग मले विचारलं काऊन?"

"तू खरं सांगतेस का, पाहून राह्यलो होतो."

मी रडत होते. ते म्हणाले, "अडलो असतो त अडलो असतो. तिथी सारे माहेच लोक होते. थांबले असते ना माह्यासाठी."

मी पाया पडले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. पण चेंडू पुढं केला, तर घेतला नाही.

तू फोनवर दर वेळी "बाबा, आज काय वाजवलं?" विचारतोस, आणि ते धानाचं बोलायला लागतात. आता ते विचारू नकोस. सुट्टी काढून ये. मी त्यांच्याजवळ बसते तेव्हा ते डोळे मिटून घेतात. तू बसलास तर कदाचित बोलतील.

रागव माझ्यावर, पण ये.

तुझी,
दिव्या