संत्र्यावरची सुई

भिलाई, मंगळवार, ३ डिसेंबर १९८५

१. इंजेक्शन कसं द्यायचं, ते सरांनी नर्सिंगच्या मुलींना वहीत लिहून घ्यायला लावलं.
२. सुई टोचायच्या सरावासाठी मी पावर हाउसच्या बाजारातून आणलेली संत्री टेबलावर ठेवली.
३. सरांनी त्यातलं एक सोलून खाल्लं.

वर सर म्हणाले, "मॅडम, लिहिलं की येतंच." मुलींनी तर त्यांचं "पंखा बंद करा" हेही वहीत उतरवलंय. मी तेव्हाच का बोलले नाही?

जिन्यात त्या मुलींमधली सुनंदा म्हणाली, "सोमवारी वॉर्डात खऱ्या माणसाले टोचाचं हाय, मॅडम. मले भेव लागून राहिलं." उरलेली संत्री तिला दिली.

मग सरांना चिठ्ठी पाठवली: लिहिलं की येतंच, तर सोमवारचं पहिलं इंजेक्शन सुनंदाने तुमच्याच दंडात द्यावं का? शनिवारपर्यंत लेखी कळवावं.