गॅरेजची झाडलोट

मॉरिसव्हिल,
अमेरिका, ९ मार्च २००३

चि. उल्हास यास,
शुभाताईचे अनेक आशीर्वाद. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, तेव्हा पत्रच बरं. कानाचं यंत्र कपाटात ठेवायला घेतलंस का रे?

अनीशचं नवं घर छान आहे, पण नातीच्या काळजीने माझ्या जिवाला घोर लागलाय. इशिता चार वर्षांची, आणि छातीत सारखी घरघर. डॉक्टरांनी बजावलंय की तिला धुळीपासून जपा, पुढचा झटका भारी पडेल. आणि इथलं गॅरेज म्हणजे धुळीचं आगार! सिमेंटची उघडी जमीन, सगळ्यांची ये-जा तिथूनच. पिठासारखी पांढरी धूळ बुटांबरोबर थेट पोरीच्या खोलीत जाते.

अनीश आणि सूनबाई सीमा दोघंही दिवसभर ऑफिसात. म्हणून मीच पदर खोचला. इथल्या राठ झाडूने सकाळ-संध्याकाळ खसाखसा झाडते. आधी पाणी शिंपडणार होते, पण सामानाची खोकी अजून जमिनीवरच आहेत, त्यांना ओल लागेल म्हणून अनीश नको म्हणाला. इशिता पायरीवर बसून मला सोबत करते. एवढं झाडूनही दुसऱ्या दिवशी धूळ तेवढीच! पण मीही हटणारी नाही.

औषधं वेळेवर घे आणि म्हाताऱ्या बहिणीची आठवण ठेव.
तुझी,
शुभाताई

सांगली,
२४ मार्च २००३

ती. शुभाताईस,
उल्हासचा सा. न. वि. वि. पत्र आत्ताच मिळालं. यंत्रावरून बोलणी खाल्ली, आता तू माझं ऐक. तो झाडू आधी खाली ठेव.

ताई, ती धूळ बाहेरून येत नाही, ती जमीनच झिजते आहे. बांधकाम खात्यात असे कोबे मी ढिगाने पाहिले. घोटताना वरून पाणी मारलं की वरचा थर कच्चा राहतो आणि कायम पीठ सोडतो. तू झाडतेस म्हणजे तो थर खरवडतेस. त्यात कोरडं झाडलं की बारीक धूळ कितीतरी वेळ हवेत राहते, डोळ्यांना दिसत नाही आणि छातीत जाते. इशिताला तिथे पाऊलही टाकू देऊ नकोस.

खोकी आजच उचलायला लाव. जमीन ओल्या फडक्याने पुसा, पुरती वाळू द्या आणि वर हार्डनर मारा, म्हणजे थर घट्ट होईल. शेजारच्या नंदूला तुमच्याकडे फोन लावायला सांगितलं. दोनदा लावला, कोणी उचलला नाही. म्हणून हे लगेच टाकतोय.

रागावू नकोस. लोभ आहेच, तो तसाच असू दे.
तुझा,
उल्हास

मॉरिसव्हिल,
१० एप्रिल २००३

चि. उल्हास यास,
अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. नंदूने फोन लावला तेव्हा आम्ही सगळे हॉस्पिटलात होतो.

त्या सकाळी माझं झाडून झालं आणि इशिता पायरीवरून उठेचना. ओठ निळे पडले होते. मला धड फोनही करता येईना. रस्त्यावर जाऊन ओरडले, तेव्हा समोरच्या बाईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली. कित्येक दिवस पोरीच्या घशात नळी होती. वाचली. पण डॉक्टर म्हणतात, छाती आता पूर्वीसारखी होणार नाही.

अनीश मला म्हणाला, आई, पाणी नको असं मीच म्हटलं होतं. झाडू तर माझ्या हातात होता रे. सीमा वेळेवर ताट वाढते आणि आत जाते. तिने चार शब्द सुनावले असते तर मला सोसलं असतं. अनीशने खोकी हलवली, तू लिहिलंस तसं सगळं केलं. आता जमिनीवरून हात फिरवला तरी बोटाला काही लागत नाही.

काल इशिताला घरी आणलं. मी हात पसरून पुढे गेले, तर तिने दोन्ही हातांनी नाक-तोंड घट्ट दाबून धरलं. कोणी शिकवलं नव्हतं तिला. मी हात मागे घेतले. अजून तिला जवळ घेतलेलं नाही.

तू तरी माया कमी करू नकोस.
तुझी,
शुभाताई