शेवंतीच्या वाफ्यातला निळा दिवा

खंडेनवमी, संध्याकाळ

डोकं चालेनासं झालंय. उद्या दसरा, पहाटे शेवंती तोडून नाशिकला न्यायची, आणि वाफ्यांत नुसता चिखल. मोटर आपोआप सुरू होतेय.

मोटर चालवायला मी बसवलेला इलेक्ट्रॉनिक बोर्ड दोन बोटांएवढा. मोबाइलच्या चार्जरवर चालतो, वायफायवरून फोनला कळवतो, माती सुकली की निळा दिवा लावून मोटर सुरू करतो. मग आज चिखलातही तो निळा दिवा का लागलाय?

केबल बदलली. प्रोग्रॅम पुन्हा चढवला. मातीतला सेन्सर काढून चक्क पाण्याच्या ग्लासात बुडवला, तरी दिवा निळाच. मलाच काही येत नाही की काय?

शेवटी बोर्ड टॉर्चखाली धरला, तर पिनांच्या मधे ओलं हळद-कुंकू!

आईला विचारलं. म्हणाली, "सकाळी विळा, खुरपं, फवारणीचा पंप, सगळ्यांची पूजा केली. यालाच कशाला सोडायचं?"

हीच आई वर्षभर म्हणत होती, "पाणी कधी द्यायचं ते मला कळतं. तुझ्या त्या खेळण्याला काय कळतंय?" मग ते खेळणं अवजारांत कधी जाऊन बसलं? चिडावं की तिच्या पाया पडावं, तेच कळेना.

जुन्या ब्रशनं पिना पुसल्या, वाळवल्या. निळा दिवा विझला, मोटर थांबली. बोर्ड प्लास्टिकच्या डबीत बंद करून म्हटलं, "आई, पुढच्या वर्षी कुंकू या डबीवर लाव."

"डबीवर कशाला?" ती म्हणाली. "काम डबी करते का?"