हळदीतला माझा फोटो

पनवेल, मंगळवार संध्याकाळ

महेशने असं करावं? सख्खा धाकटा भाऊ माझा.

चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांविरुद्ध आम्ही एसटी स्टँडबाहेर शांतपणे बसलो होतो, म्हणून आज पोलीस चौकीत बोलावलं. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. माझं नाव, पत्ता आणि शेजारी माझा फोटो. करंज्याला मावशीकडच्या हळदीतला, गालाला हळद लागलेला. तो फक्त महेशच्या मोबाइलमध्ये होता.

महेश त्याच कॅमेऱ्यांच्या कंपनीत आहे, हे माहीत होतं मला. पण हे? घरी आल्या आल्या विचारलं.

"ताई, चाचणीला चेहरे हवे होते. घरचेच टाकले, नावपत्त्यासकट. ते पोलिसांकडे गेले म्हणून काय झालं? आणि आपल्याकडे काय हुकूमशाही आहे का? निवडणुका होतात."

"मग मला विचारलं का नाहीस?"

तो म्हणाला, "तू नाही म्हणाली असतीस."

म्हणजे कळत होतं त्याला! त्या फोटोत मी हसतेय, तेही त्याच्याकडेच बघून.

उद्या कॅमेऱ्यांवर जनसुनावणी आहे. मी बोलणार. महेशचं नाव न घेता खरं कसं सांगू? आईला आत्ताच सांगितलं. ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "घे नाव. फक्त रागाने घेऊ नकोस."