अंगठ्याखालची सूज

२ मार्च
चि. मोठीस, अ. उ. आ.
माझ्या गुडघ्याची सूज उतरली. तुझी धाकटी बहीण मात्र अजून पलंगावरून उतरलेली नाही. चष्म्याच्या दुकानातून मालकांचा दोनदा निरोप आला, ही आपली भिंतीकडे तोंड करून पडलेली. केसांच्या जटा झाल्यात. काय होतंय विचारलं तर म्हणते, काही नाही. काही नाही, तर ऊठ की! जन्म वॉर्डात नर्स म्हणून काढला मी, सोंगं मला नवी नाहीत. जावईबापूंना आशीर्वाद. माया पातळ करू नकोस.
— आई

९ मार्च
ती. आईस, शि. सा. न. वि. वि.
आई, ते सोंग नाही, नैराश्य आहे. इथल्या डॉक्टरीणबाईंशी बोलले. अशा काही रुग्णांच्या मेंदूत बारीक सूज असावी, असं अलीकडे दिसू लागलंय म्हणाल्या. सगळ्यांच्या नाही, आणि बाहेरून काहीच कळत नाही. तुझा गुडघा सुजला तेव्हा तुला कोणी ऊठ म्हणालं का? धाकटीच शेकत बसायची. तिला डॉक्टरांकडे ने. महिनाअखेर मी येतेच. तोवर तिला बोलू नकोस, पाया पडते.
— तुझी मोठी

१३ मार्च
चि. मोठीस, अ. उ. आ.
तुझं पत्र हिला मोठ्याने वाचून दाखवलं. शेजारच्या काकू बसल्या होत्या, त्यांना हसू आवरेना. म्हटलं, बघूच. सूज कशी बघतात ते मला विचार: अंगठा दाबायचा, खड्डा पडला तर खरी. हिच्या कपाळावर चांगला जोर देऊन दाबला. खड्डा ना बिड्डा! मग सांगून टाकलं, सूज दाखव आणि खुशाल लोळ, नाहीतर सोमवारपासून दुकान. डॉक्टर कशाला, मी आहे की घरात. रागावलीस तरी पत्र टाक.
— आई

१६ मार्च
प्रिय ताई, स. न.
तुझं पत्र ऐकून पहिल्यांदाच वाटलं, मला खरंच काहीतरी झालंय. फक्त ते आईच्या अंगठ्याला लागायला हवं होतं. काल न्हाणीघराच्या चौकटीवर मी कपाळ आपटलं. आज आईने पुन्हा दाबून पाहिलं. या वेळी अंगठा रुतला. ती काही विचारत बसली नाही. पांघरूण नीट केलं, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली की आज पडून राहा. किती दिवसांनी ताई, इतक्या मायेने.
पण टेंगूळ उतरायला लागलंय. लोभ असेल तर महिनाअखेरीची वाट बघू नकोस.
— तुझी धाकटी