टोपी पूल

आबा,

काल थोरल्या लेकाने मला गाडीने साताऱ्याहून सांगलीला आणलं. हमरस्त्यावर इतके उड्डाणपूल झालेत, की मोजायचं सोडून दिलं. प्रत्येकावर कुणातरी पुढाऱ्याचं लांबलचक नाव. पण लोक एकाला म्हणतात मंगल कार्यालयाचा पूल, दुसऱ्याला पंक्चरवाल्याचा. बारसं पुढाऱ्यांनी करावं आणि हाक मात्र लोकांनी आपल्याच नावाने मारावी, ही खोड तुमच्या वेळेपासूनची.

सत्तरच्या दशकात तुम्ही उसाचा ट्रक चालवायचात, तेव्हा सांगलीत शिरताना रेल्वेचा एकच ठेंगणा पूल आडवा यायचा. उसावर बसलेल्यांच्या टोप्या उडवायचा, म्हणून टोपी पूल. क्लीनरने दारात लोंबकळून ते नाव ओरडायचं, वरच्यांनी आडवं पडून केबिनच्या टपावर दोन थापा मारायच्या, अशी रीत होती. थापा ऐकल्याशिवाय तुम्ही पुलाखाली चाक घालत नव्हतात.

त्या दुपारी मी, लहान पोर, केबिनमध्ये तुमच्या शेजारी आहे. आईला डिझेलच्या वासाने मळमळतं, म्हणून ती वर, उसावर, वाऱ्याकडे पाठ करून बसली आहे. क्लीनर नवा, आटपाडीचा, शाळा शिकलेला. पुलावर नुकतीच निळी पाटी लागली आहे आणि हा शहाणा दारातून ती पाटीच ओरडतो, पुढाऱ्याच्या पदव्यांसकट. तुम्ही थापांची वाट बघताय. थाप येत नाही. पूल जवळ येतोय. "ही बोलंना का?" म्हणत तुम्ही ब्रेकवर उभे राहता. भरलेला ट्रक जागच्या जागी कुठला थांबायला! करकरत, घसरत जातो. माझं कपाळ काचेवर आपटतं. ट्रक थांबतो. तुम्ही वर बघत नाही. मला भीती वाटली ती तुमच्या त्या न बघण्याची.

"आवं, असं मधीच थांबत्यात व्हय?" वरून आईचा आवाज आला. "आन् ह्यो गडी कुना सायबाला हाका मारतोय?" मी खिडकीतून वाकून वर पाहिलं, तोवर ती वळली. पुलाचं लोखंड तिच्या डोक्यापासून वीतभर होतं. ती तशीच उसावर आडवी झाली.

"पाटीवर लिवलंय त्येच म्हनलं मी," क्लीनर पुटपुटला.

"तिला पाटी ठावी हाय का रं? तिला टोपी पूल ठावा हाय!" तुम्ही खाली उतरून हात उगारलात, पण न मारताच खाली घेतलात. तुम्ही ट्रकच्या पुढच्या चाकाशी बसलात आणि रडलात. तुम्हाला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही शिडी लावून पाटीखाली चुन्याने एक भलीमोठी टोपी काढलीत.

आता चुना गेला, तुम्ही गेलात, आईही गेली. पूल तेवढा आहे. काल त्याच्याखालून जाताना मी गाडीच्या छताला आतून दोन थापा मारल्या. लेक हसला, "आई, त्या पुलाचं खरं नाव तरी ठाऊक आहे का तुला?" नाही, आबा. इतकी वर्षं तिथून जाते, पण पाटी कधी वाचलेली नाही. पूल आला की माझी मान खालीच असते.